ट्रॅक्टर माघारी देताना कृपा करून दुरुस्त करू नका

दोस्तहो, आज डोकं लई तापलंय म्हणून लिहून राह्यलो.

मागच्या आठवड्यात ट्रॅक्टरला भारी क्लचप्लेट टाकली. पॅडलला बोटभर ढील ठेवून क्लच मी सोता बराबर लावला. ढील नसली की प्लेट पुरी धरत न्हाई.

काल माझे चुलते बापूकाका रोटाव्हेटर मारायला ट्रॅक्टर घेऊन गेल्ते. आमच्या पिंपळगावात मागून नेलेली वस्तू कोणी तशीच माघारी देत न्हाई. कोणी डिझेल टाकतं, कोणी धुवून देतं.

आज नांगर लावला, तर इंजन नुसतं बोंबलतंय आणि ट्रॅक्टर जागचा हालंना. जमीन कडक असंल म्हणून रेटत राह्यलो, तर जळका वास सुटला. वाकून बघतो तर पॅडलची ढील गायब. नवीकोरी प्लेट जळाली.

काकांना फोन केला. ते खुशीत म्हणाले, "अरे, पॅडल ढिल्लं होतं. म्हणलं पुतण्याला त्रास नको, आवळून देलं."

आता बापाच्या जागी असलेल्या माणसाला काय बोलावं? वर ट्रॅक्टर धुवून देलेला.

फोन ठेवता ठेवता म्हणाले, "ब्रेक बी ढिल्ला वाटतो. संध्याकाळी येतो."

मी आमचा पाना लपवलाय. पण काकांकडं सोताचा हाय. अशा मायेच्या माणसाला तुमच्याकडं कसं थांबवतात?