डाव्या हाताचा घास

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकजवळच्या धरणावर शिडाच्या होड्यांचा एक छोटा क्लब होता आणि त्याच्या ज्युरीत मी होतो. मला पोहता येत नाही. होडीत पाय ठेवला की मळमळतं. पण निफाडच्या कोर्टात कारकून, म्हणजे कायदा कळत असणार, अशी क्लबची समजूत झाली आणि मी ती मोडली नाही. माझी मुलगी तिथे होडी चालवायची, एवढीच माझी खरी लायकी.

या खेळात पाण्यावर शिट्टी वाजवणारा पंच नसतो. चूक ज्याची त्याने मान्य करायची, होडीला जागच्या जागी दोन गिरक्या मारायच्या आणि पुढे निघायचं. मान्य नसेल तर किनाऱ्यावर ज्युरीपुढे सुनावणी. मात्र धडकेत कुणाला मोठी इजा झाली, तर गिरक्यांनी भागत नाही. चूक करणाऱ्याने शर्यत सोडायची. आमचे अध्यक्ष नौदलातून निवृत्त झालेले सर. ते हे मुलांकडून पाढ्यासारखं म्हणवून घ्यायचे.

त्या रविवारी राज्याच्या संघासाठी निवडीची शेवटची शर्यत होती. मुलींमधून एकच जाणार होती. माझी, नाहीतर तिची मैत्रीण. मैत्रीण इगतपुरीची, वडील रेल्वेत. शनिवारीच आमच्याकडे मुक्कामाला यायची, दोघी एका चादरीत झोपायच्या. सकाळी वळणाच्या तरंगत्या पिंपापाशी दोघींच्या होड्या धडकल्या. उजवीकडून वारा घेणाऱ्या होडीला वाट द्यायची असते. तशी होडी मैत्रिणीची होती, वाट द्यायची होती माझ्या मुलीने. तिने तिथेच दोन गिरक्या मारल्या, आणि तरी पहिली आली. मी किनाऱ्यावर असा फिरलो, जणू वारा मीच सोडला होता. सरांनी मैत्रिणीला विचारलं, लागलं का? खरचटलंय, म्हणाली. विषय मिटला.

दुपारी डबे उघडले. बायकोने वांग्याची भाजी आणि भाकरी आणली होती. ती दुसऱ्यांच्या मुलांनाही वळण लावते, तेही बिनपगारी.

"अगं, डाव्या हाताने काय जेवतेस? उजव्याने खा."

"राहू दे ना, काकू."

"राहू दे काय? आई बघेल तर म्हणेल, काकूंनी हेच शिकवलं."

पलीकडे बसलेल्या सरांचा घास हातातच राहिला. ते उठून आले आणि मैत्रिणीच्या मांडीवरचा टॉवेल त्यांनी हळूच उचलला. उजव्या हाताचं मधलं बोट काळंनिळं पडून वाकडं झालं होतं. होड्यांच्या मध्ये सापडलं होतं. बायको तिला तशीच जीपमध्ये घालून नाशिकला दवाखान्यात घेऊन गेली.

इकडे क्लबवर सुनावणी. ज्याचं नातं, तो ज्युरीत बसत नाही, म्हणून मी उठलो. सर म्हणाले, तुम्ही पुकारा तेवढा करा. निफाडला ते काम शिपायाचं. मी दारात उभं राहून माझ्याच मुलीचं नाव पुकारलं.

टेबलावर काड्यापेट्यांच्या होड्या मांडल्या होत्या. तिने धडक कशी झाली ते नीट दाखवलं, काही लपवलं नाही.

"तिला लागलंय हे तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. ती ओरडली."

"मग शर्यत का सोडली नाहीस?"

ती काड्यापेटी सरळ करत राहिली.

"तिला काही सांगितलंस?"

"निकाल लागेपर्यंत कुणाला दाखवू नको म्हटलं."

"आणि तिने ऐकलं?"

"ती माझं ऐकते, सर."

तिला बाहेर बसवून सर आणि ज्युरीतले दुसरे सभासद बराच वेळ बोलले. मग मी पुन्हा पुकारा केला. आवाज कसा लागला, आठवत नाही. चुकीसाठी एक शर्यत गेली असती. इजा लपवायला लावली म्हणून निवडीच्या सगळ्या शर्यतींतून बाद. संघात तिसरीच मुलगी गेली.

डॉक्टर बायकोला म्हणाले, सकाळीच आणायला हवं होतं. ते बोट पुन्हा वळलं नाही.

दिवाळीनंतर ती मैत्रीण एकदा आमच्याकडे जेवायला आली. बायकोने न बोलता तिच्या ताटात चमचा ठेवला. तिने तो बाजूला सारला आणि उजव्या हातानेच जेवली. प्रत्येक घासाला ते बोट ताठ, ताटाबाहेर. माझी मुलगी वाढायला म्हणून स्वयंपाकघरात गेली होती. भाकऱ्या केव्हाच संपल्या होत्या, तरी ती बाहेर आली नाही.