मर्यादा : निरंक

संशोधनात सगळे लेख समान असतात. लेखक मोठा असो की लहान, परदेशातला असो की आपल्या जिल्ह्यातला, तक्त्यात प्रत्येकाला एकच ओळ मिळते आणि प्रत्येकाला त्याच रकान्यांतून जावं लागतं. हे आमच्या नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्य मॅडमनी संशोधनाच्या पहिल्या तासाला सांगितलं आणि आम्ही वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की तक्त्याची पहिली ओळ त्यांच्या स्वतःच्या लेखाची असते. दरवर्षी. तेही आम्ही लिहून घेतलं.

त्यानंतर त्यांनी हजेरीवर नजर टाकली आणि मला उभं केलं.

'राजापूरकडची ना तू? वाडी कुठली?'

मी गावाचं नाव सांगितलं. वाडीचं सांगितलं नाही.

'गाव कळलं. वाडी?'

'बौद्धवाडी.'

'अरे वा,' मॅडम वर्गाकडे वळून म्हणाल्या, 'आमचं सॅम्पलच वर्गात बसलंय आणि आम्हाला पत्ता नाही.'

वर्ग हसला. मॅडमचा तो लेख आमच्याच वाडीवर होता. ग्रामीण मातांचं हात धुण्याविषयीचं ज्ञान आणि वर्तन. मॅडमनी मला पुढे बोलावलं. आई कितवी शिकली, घरात संडास आहे का, जेवायच्या आधी हात कशाने धुता. मी उत्तरं देत होते. चौथी. आहे. साबणाने. मग म्हणाल्या, 'नखं दाखव.'

मी हात पुढे केले. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. तोवर वॉर्डात कितीतरी सुया टोचल्या होत्या, जखमा धुतल्या होत्या, प्रसूतीच्या टेबलाशी उभी राहिले होते. मॅडमनी माझी बोटं धरली, उलटसुलट केली, वर्गाला दाखवली.

'स्वच्छ आहेत. बघा मुलींनो, याला म्हणतात बदल.'

दुसऱ्या कुणाची नखं त्यांनी पाहिली नाहीत. ती स्वच्छ असणार हे गृहीत होतं. मला कुणी शिवी दिली नव्हती. कौतुक केलं होतं. त्यामुळे तक्रार कशाची करायची तेही कळेना. मी 'थँक्यू मॅडम' म्हटलं आणि जागेवर जाऊन बसले.

त्या दिवसापासून हॉस्टेलवर माझं नाव सॅम्पल पडलं. 'सॅम्पल, मेसची बेल झाली गं.' 'सॅम्पल, तुझा फोन वाजतोय.' प्रेमाने म्हणायच्या. प्रेमाने म्हटलं की रागावता येत नाही.

आमच्या गटात आम्ही चौघी. विषय मॅडमनीच दिला : हात धुणे. आधी इतरांनी काय लिहून ठेवलंय ते वाचायचं आणि तक्त्यात मांडायचं. आम्ही त्याला मॅट्रिक्स म्हणायचो, म्हणजे काम जरा मोठं वाटायचं. आडवी ओळ एका लेखाची. उभे रकाने : लेखक, ठिकाण, उद्देश, नमुना, साधन, निष्कर्ष, मर्यादा. साधन म्हणजे माहिती कशाने गोळा केली ते. बहुतेक ठिकाणी प्रश्नावली. मर्यादा म्हणजे त्या अभ्यासात काय राहून गेलं ते. लेखकाने स्वतः कबूल केलं असेल तर ते लिहायचं, नाहीतर आपण शोधायचं.

रीत अशी होती की लेख वाटून घ्यायचे, ज्याने त्याने आपापली ओळ भरायची. त्यामुळे जी ती आपली ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची आणि सुटायची. संपूर्ण तक्ता कुणीच वाचत नसे. मॅडमही नाही. त्या पहिली ओळ वाचत.

टायपिंग माझ्याकडे आलं. 'तू हॉस्टेललाच असतेस,' सायली म्हणाली. ती कॉलेजच्याच गावातली, डॉक्टरांची मुलगी. मनाने वाईट नाही. तिने मागच्या बॅचचा तक्ता आणून दिला. 'पहिली ओळ यातून जशीच्या तशी उचल. मॅडमना बदललेलं आवडत नाही.'

मी उचलायला घेतली. निष्कर्ष : मातांचे ज्ञान मध्यम, वर्तन असमाधानकारक. कारण : अनास्था. शेवटचा रकाना, मर्यादा : निरंक.

त्या मातांमध्ये माझी आई होती.

ते लोक आले तो दिवस मला आठवतो. मी शाळेत होते, मे महिन्याची सुट्टी. मॅडम आणि पांढऱ्या कपड्यांतल्या मुली गाडीतून उतरल्या, समाजमंदिरात फ्लिपचार्ट टांगला. आमच्या वाडीत नळ होता, पाणी नव्हतं. योजनेचं पाणी वरच्या वाडीपर्यंत यायचं आणि थकायचं. मे महिन्यात बायका पऱ्यात, म्हणजे आटलेल्या ओढ्यात, खड्डा खणायच्या, त्याला आम्ही डवरा म्हणतो. त्यात वाटी वाटी पाणी झिरपायचं, ते भरून हंडा डोक्यावर घेऊन चढ चढायचा. त्या दिवशी मॅडमना हात धुण्याचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. पाणी कुणाकडे आहे, विचारलं. आई आपला हंडा घेऊन आली. त्याच हंड्यातला तांब्या तिने आधी मॅडमपुढे केला होता. मॅडमनी हाताने नको म्हणून पिशवीतली बाटली काढली होती.

मी संध्याकाळी आईला फोन लावला.

'आई, ते हात धुवायला शिकवायला आले होते, आठवतं?'

'न आठवायला काय झालं? हंडा रिता केलानी नि गेली. वर सांगून गेली, हात धुवा.'

'तुला काय विचारलं होतं?'

'हात कधी कधी धुतेस, म्हणून विचारलानी. मी म्हटलं, पाणी असलं की. ती पोरगी हसली नि कायतरी लिवलान.' मग थांबून म्हणाली, 'का गो बाय? नापास केलानी की काय मला?'

मी म्हटलं, नाही. फोन ठेवला.

मॅडमची प्रश्नावली लेखाच्या शेवटी छापलेली होती. काढून पाहिली. हात कधी धुता, याला चार पर्याय. जेवणापूर्वी. स्वयंपाकापूर्वी. शौचानंतर. बाळाला भरवण्यापूर्वी. 'पाणी असलं की' याला चौकट नव्हती. त्या मुलीने काय लिहिलं असेल ते निष्कर्षात होतंच.

तरी मी लगेच काही केलं नाही. निरंक टाइप केलं आणि बाकीच्या ओळी भरत गेले. सगळ्या एकटीने टाइप केल्यामुळे माझ्याकडून एक गोष्ट झाली, जी रीतीत नव्हती. मी तक्ता वरून खाली वाचला. एकच रकाना, साधन. पाणी कुठून आणता, किती लांबून, साठवता कशात. कुणी पहिल्याच प्रश्नात विचारलं होतं, कुणी शेवटी. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनी मर्यादांमध्ये कबूल तरी केलं होतं. लोक कुठले कुठले, भाषा कुठल्या. सगळ्यांना सुचलं होतं की हात धुवायला पाणी लागतं.

पहिली ओळ तेवढी कोरडी होती.

इतकी वर्षं मला वाटत होतं की आमच्यात काहीतरी कमी आहे आणि ते मी नखं कापून, इस्त्री करून, शुद्ध बोलून भरून काढते आहे. त्या रकान्यात स्पष्ट दिसलं की कमी प्रश्नावलीत होतं. मी निरंक पुसलं. तिथे लिहिलं : 'पाण्याच्या उपलब्धतेविषयी एकही प्रश्न नाही. त्यामुळे अनास्था हा निष्कर्ष सिद्ध होत नाही.'

सादरीकरणाला तक्ता पडद्यावर लागला. मॅडमनी पहिली ओळ वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

'हे कोणी लिहिलं?'

'मी.'

'कशाच्या आधारावर?'

'मॅडम, प्रात्यक्षिकाचा हंडा आमचा होता.'

'वैयक्तिक अनुभव हा पुरावा नसतो. दोन वर्षं काय शिकवलं तुम्हाला?'

'पुरावा परिशिष्टात आहे, मॅडम. तुमचीच प्रश्नावली. पाण्याचा प्रश्न असेल तर दाखवा, मी आत्ता पुसते.'

मॅडम ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नाहीत.

'तुझी फी कोण भरतं?'

'शिष्यवृत्ती आहे.'

'मग थोडी कृतज्ञता ठेवावी माणसाने. ते काढ आणि फाइलवर सही घेऊन जा.'

त्या सहीशिवाय प्रकल्प जमा होत नाही. प्रकल्प नाही तर परीक्षा नाही. चौघींचीही. मागून सायली कुजबुजली, 'काढ ना गं. एक ओळ तर आहे. आमचं काय चुकलंय यात?' खरं होतं. तिचं काही चुकलं नव्हतं. तिचं कधीच काही चुकत नाही, कारण तिला काही काढायला कुणी सांगत नाही.

मी लॅपटॉप उचलला, मॅडमच्या टेबलावर त्यांच्याकडे तोंड करून ठेवला.

'मी पुसणार नाही, मॅडम. तुम्ही पुसा.'

त्यांचे हात टेबलाखाली होते. ते वर आले नाहीत.

'वर्ग संपला,' मॅडम म्हणाल्या.

फाइल त्यांच्या टेबलावर पडून राहिली. गटातल्या तिघी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. सॅम्पलही कुणी म्हणेना. मी कॉट आवरून ठेवली होती, गावी जायची तयारी ठेवली होती, पण पुसायची ठेवली नव्हती. शेवटच्या दिवशी सही झाली. सत्याचा विजय वगैरे नाही. सायलीच्या वडिलांनी फोन केला होता. चौघींचं काम एकच, गुण मात्र मला सर्वांत कमी. शेरा : विषयाची जाण चांगली, वर्तन असमाधानकारक. शब्द ओळखीचे होते.

आता मी पावस गावाच्या पुढे एका आरोग्य उपकेंद्रात आहे. सर्वेक्षणाचे छापील कागद येतात, भरावे लागतात. मी कुणाची नखं बघत नाही. आधी पाणी विचारते. चौकट नसली तर समासात लिहिते. वरून फोन येतो, समासात लिहू नका. मी लिहिते. माझ्या आईला नापास करून ज्यांना मोठं व्हायचंय, त्यांच्या पहिल्या ओळीत मी बोट घालणार. बोलावलं नाही तरी. नोकरी गेली तरी. थँक्यू आता कुणाला म्हणणार नाही.

परवा कॉलेजातली एक ज्युनिअर बाजारात भेटली. मी तक्त्याचं विचारलं. म्हणाली, मॅडमचा लेख अजून पहिल्याच ओळीत आहे. मर्यादांचा रकाना तेवढा काढून टाकलाय. कागदाच्या रुंदीत बसत नव्हता म्हणे.