बिल्ला नसलेलं हत्यार

दादा गेल्याची बातमी मला शाळेत कळली. नववीच्या वर्गावर मी प्रकाशाचं परावर्तन शिकवत होते. दादाच्या खात्यातले एक गृहस्थ वर्गाच्या दारात आले आणि चपला बाहेर काढून उभे राहिले. शाळेच्या वर्गात कोणी चपला काढून येत नाही... मला तेव्हाच समजलं. खडू ठेवला, मुलांना धडा वाचायला सांगितला आणि निघाले. सकाळच्या पाळीला जाताना बसमध्येच त्याच्या छातीत दुखलं होतं. बस वळवून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

भास्करदादा माझा थोरला भाऊ. नाशिकजवळ लढाऊ विमानं बांधणाऱ्या कारखान्यात फिटर. आमचे वडील नांदगावच्या बाजूला रेल्वेत गँगमन होते. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे मी कधी लपवत नाही. पण त्या पदवीमागे दादा होता. नोकरी लागल्यावर त्यानं पंचवटीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि कॉलेजसाठी मला गावाहून घेऊन आला. आईला ते पटलं नव्हतं. "पोरीला एवढं शिकवून काय विमानात बसवनार हाय का?" असं तिनं विचारलं. दादा म्हणाला, "बसवनार नाय. मी बनवतो ते उडतं कसं, हे तिच्याकडून समजून घेनार." आणि त्यानं ते खरंच केलं. संध्याकाळी मी पुस्तक उघडलं की समोर येऊन बसायचा. "हं, बीएस्सी, आज काय?" पंखावरून हवा वेगानं गेली की विमान वर का उचललं जातं, हे मी त्याला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्यानं मलाच दोन चुका काढून दाखवल्या.

विमानाला तो गाडी म्हणायचा. अंतराळाची बातमी आली की कापून वहीत चिकटवायचा. त्याचं एक ठाम मत होतं. वर जाणारी माणसं आधी लढाऊ गाड्यांतून जातात, म्हणजे आपण जे बनवतो ती अंतराळाच्या शाळेतली पहिली इयत्ता आहे. उद्या माणूस चंद्रापलीकडे जाईल, तेव्हा त्याचं यानसुद्धा कुठल्या तरी फिटरनंच आवळलेलं असेल, असं तो जेवताना सांगायचा. मी हसायचे.

त्यांच्या कामाची एक शिस्त होती. हत्यारखोलीतून पाना घेतला की त्या जागी आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा. पाळी संपताना खिळ्यावर बिल्ला दिसला, तर पाना परत आलेला नाही, आणि तो मिळेपर्यंत विमान हलत नाही. कारण आत राहिलेली एवढीशी वस्तू उड्डाणात घरंगळून विमान वळवणाऱ्या दांड्यांमध्ये अडकली, तर वैमानिकाच्या हातात काही उरत नाही. हे दादानंच मला सांगितलं होतं. तरीही त्याच्या खिशात एक हत्यार असायचं ज्याला बिल्ला नव्हता. सायकलची तार वाकवून त्यानं घरीच एक आकडी केली होती. जिथं बोटं पोचत नाहीत तिथली पिन तिनं नेमकी बसायची. घरची हत्यारं वापरायला बंदी होती, पण हाताला सवय झाली होती. त्या आकडीची नोंद कुठंच नव्हती.

मी शेवटच्या वर्षाला असतानाची गोष्ट. रशियात प्रशिक्षणाला पाठवायच्या माणसांची यादी लागली होती आणि तीत दादाचं नाव होतं. वडिलांनी गावात पेढे वाटले. दादानं जाड लोकरीचा स्वेटर आणला आणि घरात मला रशियन भाषेत पाणी मागायला लागला. एके दुपारी तो पाळीवरून आला, शर्ट काढला आणि खिसा चाचपत तसाच उभा राहिला. आकडी नव्हती. त्यानं त्या दिवशी ज्या विमानाचं झाकण बंद केलं होतं, त्याचं दुसऱ्या सकाळी चाचणी उड्डाण होतं.

मी विचारलं, कोणाला माहीत आहे? तो म्हणाला, कोणालाच नाही. मग मी जे बोलले ते आज इथं लिहिते आहे. "दादा, रस्त्यात पडली असेल. रशियाला जायचंय तुला. गप्प बस."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही... एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसा. मग त्यानं काढलेला शर्ट पुन्हा घातला.

"आत माणूस बसतो, शकू," एवढंच म्हणाला आणि आग्रा रोडवर जाऊन एका ट्रकला हात केला.

विमान दोन दिवस उघडून ठेवलं होतं. आकडी त्यात नव्हतीच. तिसऱ्या दिवशी ती कारखान्यातल्या हात धुवायच्या मोरीच्या जाळीत सापडली. सोबतचे बरेच महिने विचारायचे, "काय भास्करराव, आज मोरी उडवायची का?" दादा हसण्यावारी न्यायचा. यादीतून नाव गेलं ते पुन्हा कधी आलं नाही. स्वेटर त्यानं वडिलांना दिला, आणि नांदगावच्या उन्हात वडिलांनी तो दोन वर्षं अंगावेगळा केला नाही.

पुढं मी शिक्षिका झाले. आपला एक वैमानिक अंतराळात जाऊन आला त्या वर्षी मी दादाला वर्गावर बोलवलं. इस्त्रीचा शर्ट घालून आला, टेबलाला धरून उभा राहिला. एका मुलीनं विचारलं, पुढं माणसं अंतराळात राहायला जातील का? दादा म्हणाला, जातील, तुमच्यातलंही कोणी जाईल. पण वर गेल्यावर झाकण उघडून बघता येत नाही, म्हणून खालच्या माणसानं खरं बोलायला पाहिजे. मग त्यानं आकडीची सगळी गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाला, "मी घाबरलो होतो. तुमच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता जाऊन सांग."

चाळीस मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी फळा पुसत राहिले. घरी जाताना त्याला विचारीन असं ठरवलं होतं, पण रस्त्यात तो द्राक्षांच्या भावाबद्दल बोलत राहिला, आणि मीही बोलू दिलं. नंतर कळलं, कारखान्यातही तो हेच सांगायचा. बहीण शिकलेली आहे म्हणून वाचलो, म्हणायचा. परवा भेटायला आलेल्या त्याच्या जुन्या साहेबांनी मला हात जोडले...

ते गेल्यावर वहिनी दादाचे कामावरचे शर्ट बाहेर काढत बसली होती. प्रत्येकाच्या खिशाचं तोंड शिवलेलं. टाके दादाच्याच हातचे, जाड आणि सरळ. त्या शर्टांसमोर बसून मी वहिनीला खरं सांगितलं. तिनं हातातली घडी पुरी केली.

"लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं त्यांनी मला," ती म्हणाली. "म्हणाले, तिच्यापाशी विषय काढू नकोस. तिला रोज मुलांसमोर उभं राहायचं असतं."

सोमवारी मी वर्गावर गेले आणि मुलांना आधी हे सगळं सांगितलं, मग राहिलेला धडा घेतला. वहिनीनं दिलेला एक शर्ट घरी आणला आहे. निळा रंग विटलाय, पण कापड दणकट आहे. आमचे हे म्हणाले, खिशाचे टाके उसवले तर मला होईल. म्हटलं, तसाच घाला.