सुलूची लायटीची गाडी आणि दाजींची वही

मालवणच्या जेटीजवळ टुरिस्ट गाड्यांचा स्टँड आहे. त्याला लागून माझं चहा-भज्यांचं खोपटं. वीस वर्षं झाली. चहाचा चोथा मी रोज मागच्या माडाच्या मुळात ओतते, माडही खूश! पण दिवसभर कानावर पडतं ते कुठे ओतू? ते साठतच जातं. गेल्या वर्षात साठलेलं तर सगळं एकाच गाडीचं. आता जरा ओतून टाकते.

स्टँडावर नऊ गाड्या. पत्र्याच्या पाटीवर नऊ नंबर रंगवलेले. नंबर असला तर पाळी, पाळी असली तर भाडं. एक नंबर दाजींचा. दाजी पासष्टीचे, पांढरी टोपी, आणि पेट्रोलची गाडी पुसून पुसून रंग उडवलेली. स्टँडावरचा शब्द त्यांचाच.

आणि सुलू? माझ्यासारखीच चौथीपर्यंत शिकलेली. पंधरा वर्षं डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासे विकले. घोव, म्हणजे नवरा, ट्रॉलरवर खलाशी. बेचाळिसाव्या वर्षी बाई गाडी शिकली, सोन्याच्या पाटल्या मोडल्या, बँकेचं कर्ज काढलं आणि थेट लायटीची, म्हणजे बॅटरीवर चालणारी गाडी घेऊन स्टँडावर आली. म्हणाली, "दाजी, माका धा नंबर द्या."

दाजी म्हणाले, "गो बाय, लायटीची गाडी म्हणजे नवो जावय! पयल्यांदा कौतुक, मगे खर्च! वर्षात इकून मोकळी होतलंस. नंबर फुकट जातलो."

दुसरी असती तर रडली असती. सुलू माझ्याकडे वळली. "वयनी, दोन वहयो दे. दाजी, आपण दोघांय खर्च लिवया. ह्या दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत. किलोमीटरामागे माझो खर्च जास्ती इलो, तर मी ह्या स्टँडार पाय ठेवचंय नाय. कमी इलो, तर धा नंबर माझो!"

चार नंबरवाला विजू, स्टँडावरचा चेष्टेखोर, लगेच म्हणाला, "आणि हप्तो? हप्तो लिवतलंस मां?"

सुलूचा हप्ता मोठा, दाजींची गाडी कधीच फिटलेली. पण दाजीच म्हणाले, "हप्तो नको. तो मीय भरलंय. हप्तो माणसाक पडता, गाडयेक नाय."

मी खोटं कशाला बोलू? हप्ता धरला असता तर सुलू पहिल्याच महिन्यात हरली असती. माणूस कडक, पण तराजू सरळ!

ठरलं. वर्षभर सुलूने फक्त उरलेलं भाडं घ्यायचं. नऊच्या नऊ गाड्या बाहेर असतील तेव्हा. वह्या माझ्या साखरेच्या डब्याखाली.

*

त्याच दसऱ्याला गाड्यांची पूजा होती. झेंडूच्या माळा, नारळ, आणि दाजींचं गाऱ्हाणं. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालायचं तर आवाज लागतो आणि पाठांतर लागतं. दाजींकडे दोन्ही आहे. ते एकेक वाक्य म्हणणार, आणि आम्ही सगळ्यांनी मागून ओरडायचं, "व्हय म्हाराजा!"

दाजी डोळे मिटून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां गाडयो घेवन उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्येंका वाटेत काय आडवा इला, तर ता तू उभ्या वाटेन बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पैज लागली म्हणून काय झालं, सुलूच्या गाडीसमोरही ते तसेच उभे राहिले. "आणि ह्या गाडयेची टाकी कधी रिकामी करू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही जोरात.

विजू कुजबुजला, "दाजी, हिका टाकीच नाय!"

आता गाऱ्हाणं मध्ये थांबवायचं नसतं. दाजींनी डोळे मिटलेलेच ठेवले. "टाकी नाय, तर हिच्या घरची लायट कधी घालवू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला, आणि माझ्या डोक्यावरचा पंखा बंद! अख्ख्या जेटीची लायट गेली!

सगळे सुलूच्या तोंडाकडे बघायला लागले. ती शांतपणे खोबरं उचलत म्हणाली, "देवाक आजून लायटीच्या गाडयेची सवय नाय."

*

गाडीसाठी घरी वेगळा मीटर हवा होता. विजेच्या ऑफिसात मी सोबत गेले. टेबलामागचा माणूस कागदावरून मान वर न करता म्हणाला, "मालकांची सही लागेल. मालकांना घेऊन या."

सुलूनेही ऑफिसातली मराठी काढली. "मालक मीच आहे."

"तसं नाही ओ बाई. गाडी चालवतं कोण?"

"मीच."

"हप्ते?"

"मीच."

आता कुठे त्याने मान वर केली. "मग मिस्टर काय करतात?"

"समुद्रात असतात. तुमच्याकडे बोट असेल तर जा आणि घ्या सही!"

चौथ्या दिवशी मीटर बसला!

*

लायटीच्या गाडीला आवाज नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या वाटांवरच्या माणसांना ठाऊक नव्हतं.

सुलू चार टुरिस्ट घेऊन धामापूरच्या तळ्याकडे चालली होती. वाट अरुंद, आणि मधोमध एक म्हातारबाबा छत्री काखोटीला मारून आरामात चाललेले. हॉर्न दिला. ढिम्म! पुन्हा दिला. म्हातारबाबांना कमी ऐकू येत असणार.

सुलूने काच खाली केली आणि पंधरा वर्षं ज्या आवाजाने तिथेच टोपली फिरवली, तो आवाज सोडला. "सुरमई इली गोऽऽऽ! ताजी सुरमईऽऽऽ!"

म्हातारबाबा टुणकन वाटेकडेच्या दगडी गडग्याला चिकटले! पण तेवढ्यावर थांबतंय कुठे? तीन घरांतून तीन बायका ताटल्या घेऊन वाटेवर! एकीने तर पुढच्या सीटवरच्या टुरिस्टाला खिडकीतून विचारलं, "कशी दिलंस रे?"

टुरिस्ट हसून हसून बेजार. उतरताना ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त देऊन गेले. सुलूने ते इथे येऊन सांगितलं, तर दाजींनी काय म्हणावं? "हॉर्नाची लायट वाचली, ती वहीत लिव!"

*

वह्यांची गंमत वेगळीच. दाजींचं लिहिणं सुटसुटीत. 'नांदगाव स्टेशन, जाऊन येऊन, पेट्रोल सहाशे चाळीस.' खाली सुलूचं, तेच स्टेशन, तीच वाट, 'लायट दीडशे.'

दिवाळीनंतर एकदा दाजींनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. बराच वेळ बघितल्या. मग बोट उचललं. "बॅटरी मेली मगे? ती काय देव फुकट देतलो? तिचे पैशे वर्षावारी वाटून आजच घाल!"

बॅटरीची किंमत ऐकून माझा चहा उतू गेला होता. पण सुलूने पेन घेतलं आणि कंपनी जितक्या वर्षांची हमी देते तितक्या वर्षांनी भागून बॅटरीचा वाटा लिहिला. विमा दाजींच्यापेक्षा जास्त, तो लिहिला. वर म्हणाली, "आणि गाडी जड आसा, टायर लवकर झिजतत. तेय लिवतंय."

मला राहवेना. "अगो, विचारल्याशिवाय कित्याक सांगतंस? सगळां तूच लिवलंस तर हरतलंस!"

"वयनी, पंधरा वर्षां मासे इकलंय. शिळो मासो ताजो म्हणान कधी इकूक नाय. आता आकडो इकू?"

मला गप्प करणारी माणसं या तालुक्यात फार नाहीत.

मग ती दाजींकडे वळली. "आता तुमची पाळी. ऑईल खंय आसा? क्लचप्लेट खंय आसा? गेल्या म्हयन्यात सायलेन्सर खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान, तो खंय आसा?"

"ता काय रोजचा नाय..."

"माझी बॅटरी रोज मरता?"

विजू पेट्रोलवालाच, पण त्यालाही चेव आला. "दाजी, गॅरेजीत दोन दिवस बसलास, तो चाय तरी लिवा!"

दाजींनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. आणि सगळं लिहिलं. ऑईल, क्लचप्लेट, सायलेन्सर. गॅरेजमधला चहासुद्धा, दोन दिवसांचे चार कप!

*

पावसाच्या तोंडावर एकदा बंदरावर बावटा चढला. वादळ येणार असलं की खलाशांना कळावं म्हणून बंदरावर बावटा चढवतात. गाडीवाले बावट्याकडे कशाला बघतील? पण सुलू खलाशाची बायको. लग्न झाल्यापासून सकाळी उठून आधी बावटा बघायचा आणि मग चूल पेटवायची. तिने बावटा बघितला आणि गाडी मीटरला लावली. वाऱ्याने पहिला माड पाडला तेव्हा बॅटरी गच्च!

वादळ गेलं, पण तीन दिवस लायट नाही. दुसऱ्या दिवशी रेल्वे सुरू झाली आणि लॉजवरचं एक कुटुंब धावत स्टँडावर आलं. दुपारची गाडी, नांदगाव स्टेशन. पाळी एक नंबरची.

दाजींच्या पेट्रोलचा काटा तळाला. तरी ऐट बघा! सुलूला ऐकवलं, "तुझी लायट गेली, माझा पेट्रोल जमिनीखाली आसा, ता खंय जाता?" आणि पंपावर गेले.

पंपवाला म्हणाला, "पेट्रोल भरपूर आसा दाजी. वर ओढूक लायट व्हयी!"

दाजी कसेबसे परत आले. गाडी शेवटची दहा पावलं विजूने ढकलली. बाकीच्यांच्या टाक्याही तशाच कोरड्या. कुटुंबातली बाई घड्याळाकडे बघून रडकुंडीला आलेली. सुलूने मागचं दार उघडलं, सामान आत टाकलं आणि म्हणाली, "दाजी, चला. पाळी तुमची आसा, तुम्ही नको?"

दाजी पुढच्या सीटवर बसून गेले. एक नंबरवाला, दुसऱ्याच्या गाडीत! आगगाडी मिळाली. परत आल्यावर सुलूने भाड्याचे पैसे दाजींच्या हातावर ठेवले, त्यातून दीडशे तेवढे काढून घेतले. "इतकी लायट लागली. बाकीचे तुमचे. पाळी तुमची होती."

मी म्हटलं, आता दाजी काहीतरी बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "वाटभर एसी चालू होतो. तो धरून दीडशे?"

"धरून."

दाजी माझ्या साखरेच्या डब्याकडे आले, आपली वही काढली आणि पेट्रोलच्या खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'लायट, दीडशे.'

*

आणि यंदाचा दसरा.

सकाळीच दोन्ही वह्या माझ्यापुढे. बेरीज मी करायची असं ठरलेलं. चौथी शिकलेय, पण वीस वर्षं उधारीवाल्यांशी भांडून हिशेब पक्का झालाय. तरी भागाकार तीनदा केला. सुलू समोर बसलेली, रिकामं मनगट चोळत. पाटल्या होत्या ना तिथे, ती सवय अजून गेलेली नाही.

तिसऱ्यांदाही तेच आलं. बॅटरीचा वाटा धरून, विमा धरून, टायर धरून, सुलूचा किलोमीटरचा खर्च दाजींच्या निम्म्याहून जरासा वर!

मी आकडे मोठ्याने वाचले. नऊच्या नऊ ड्रायव्हर ऐकत उभे. दाजींनी बेरजेचा कागद घेतला, वाचला, चार घड्या घातल्या, टोपीत ठेवला. बोलले एकच, "पूजेची येळ झाली."

हां की नाही, काही नाही! पाटीवर नंबर नऊच. सुलूची गाडी वर्षभर उभी असायची तशीच रांगेबाहेर. माळ घातलेली, नारळ हातात, आणि चेहरा असा, की माझ्याच हातातली कढई दाजींच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं.

दाजी रांगेपुढे उभे राहिले. डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या स्टँडाची तुझी लेकरां..." इथे ते थांबले. पाठ असलेलं गाऱ्हाणं, दाजी कधी थांबत नाहीत. "...एक नंबरापासून धा नंबरापर्यंतची लेकरां, तुझ्या पायांकडे उभी आसत!"

"व्हय म्हाराजा!" विजू सगळ्यात आधी ओरडला. सुलूच्या हातातला नारळ सुटता सुटता राहिला.

"धा नंबरवालीन वर्षभर खरां लिवल्यान. तिच्या मनगटार पाटल्यो परत येवंदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लायटीक गेल्या वर्षासारखी घालवू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हसू दाबत.

दाजींनी एक डोळा किलकिला करून आमच्याकडे बघितलं, पुन्हा मिटला. आवाज जरा खाली आणला. देवासमोर उभं राहून लपवणार तरी किती?

"आणि म्हाराजा, घरात कोणाक न सांगता मी जी लायटीची गाडी बुक करून ठेवलंय, ती दिवाळेच्या आदी सुखरूप दारात येवंदे!"

बाकीचे आठ ड्रायव्हर, आठ तोंडं उघडी, एकातून आवाज नाही! माझी भजी तेलात करपत होती आणि मला कळत नव्हतं.

पार जेटीच्या टोकापर्यंत आवाज गेला तो एकट्या सुलूचाच.

"व्हय म्हाराजाऽऽऽ!"