पाठक सरांच्या वहीतला रिकामा रकाना

आकाशाकडे बघणाऱ्या माणसाला तारे कमी आणि फोन जास्त येतात! नव्वदच्या दशकात आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाचा नंबर एकदा पेपरात छापून आला, आणि नाशिक जिल्ह्यात कुठेही काही चमकलं की पाठक सरांच्या घरी रिंग वाजू लागली. "उडती तबकडी दिसली, लवकर या!" मंडळ म्हणजे कॉलेजातून रिटायर झालेले फिजिक्सचे पाठक सर, मखमलाबादला झेंडू आणि भाजी पिकवणारे निवृत्तीभाऊ, आणि टेलिफोन खात्यातली मी. फोन घ्यायच्या सरांच्या मिसेस, आमच्या काकू. त्यांनी जन्मात दुर्बिणीला डोळा लावला नव्हता.

सरांची एक वही होती. त्यात शेवटचा रकाना 'उलगडा', तो लाल शाईने भरायचा. नियम कडक. दोघांनी पाहिलं असेल, तर एकमेकांशी बोलू न देता दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवून चित्र काढायला लावायचं. काचबिंदूने सरांचा एक डोळा गेला होता. म्हणायचे, "दुसरा चालतोय तोवर स्वतः काहीतरी बघावं आणि तो रकाना प्रामाणिकपणे रिकामा राहावा, एवढंच गं." पण मेला प्रत्येक रकाना तेच भरून टाकायचे!

*

नाशिक रोडच्या एका कॉलनीतून बाईंचा फोन आला. गच्चीसमोर यान थांबतं म्हणे! निवृत्तीभाऊंच्या टेम्पोतून आम्ही हजर.

"कधी येतं?" सरांनी विचारलं.

"रोज. दिवेलागणीला येतं, साडेआठला जातं."

निवृत्तीभाऊ म्हणाले, "लय टायमाचं पक्कं हाय हो यान!"

पश्चिमेला शुक्र लखलखत होता. सरांनी समजावून सांगितल्यावर बाईंचा चेहरा पडला. "अहो, मी अख्ख्या बिल्डिंगला गच्चीवर चहाला बोलावलंय! आता काय सांगू?"

"शुक्राला बोलावलं होतं म्हणा," सर म्हणाले. "तो आलाय की!"

*

देवळ्याकडे कांद्याच्या शेतात आकाशातून पांढरा डबा पडला. फाटक्या फुग्याचं रबर, थर्माकोल, दोन वायरी. आम्ही पोचेपर्यंत त्यावर हळदकुंकू वाहून झालं होतं. शेतमालक आजोबा डब्यावर हक्काने हात ठेवून बसलेले. "आमना गावमा पडनं, आमनं शे!"

सरांनी डब्यावरची चिठ्ठी वाचून दाखवली. "आजोबा, हे हवामान खात्याचं यंत्र आहे. यात देव नाही."

आजोबांनी जरा विचार केला. "आते नारळबी फुटना!"

सरांनी त्या फुटलेल्या नारळातला खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि लाल पेन उघडलं.

*

त्र्यंबकेश्वरच्या एका गुरुजींना ब्रह्मगिरीवर थाळीसारखं काहीतरी तासभर उभं दिसलं. डोंगरावरच्या वाऱ्याने असा ढग तयार होतो, हे सरांचं म्हणणं त्यांना लगेच पटलं. पण ते आम्हाला सोडेनात.

"समजा, उद्या तिकडचं कोणी खरंच आमच्याकडे पूजेला बसलं, तर?"

"तर काय?"

"गोत्राचं सोपं आहे. माहीत नसलं की कश्यप. पण जन्मरास? ती चंद्रावरून धरतात. त्याच्या आकाशात आपला चंद्रच नाही!"

परतताना सर टेम्पोत बोटांवर राशी मोजत राहिले, थेट सातपूर येईपर्यंत. मग म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे गं!"

*

आता आमची फजिती. शनिवारी रात्री आम्ही तिघं एका टेकडीवर दुर्बीण लावायचो. एकदा घरी परतलो तर काकू म्हणाल्या, "टेकडीखालच्या वस्तीतून फोन होता. वर तीन लाल दिवे, कमरेएवढ्या उंचीवर, हळूहळू फिरत होते."

सर उडालेच! पुढच्या शनिवारी खास दिवे शोधायला गेलो. काही नाही. परत आलो तर पुन्हा फोन येऊन गेलेला. तिसऱ्या शनिवारीही तेच!

"आपण टेकडीवर, ते टेकडीवर, आणि दिसत फक्त आपल्यालाच नाहीत?" सर हैराण.

काकू पोहे परतत होत्या. "अहो, तुमच्या टॉर्चना तो लाल जिलेटिन पेपर का लावता?"

"डोळ्यांना अंधाराची झालेली सवय मोडू नये म्हणून..." आणि सर मध्येच थांबले.

त्या दिवशी वही काकूंनी भरली.

*

ही शेवटची, दोन हजार सालानंतरची. सरांचा दुसरा डोळाही अंधुक होत चालला होता. संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर मी दुर्बीण लावत होते, काकू वाळलेले कपडे काढत होत्या. लेन्सचं झाकण माझ्या हातून सुटलं आणि घरंगळत टाकीखाली गेलं. मी वाकले, तेवढ्यात सर ओरडले, "ते बघ!"

मी उठेपर्यंत आकाश रिकामं.

"मलाही दिसलं," काकू म्हणाल्या.

सरांनी लगेच तोंडावर बोट ठेवलं. नियम म्हणजे नियम! मी सरांना पुढच्या खोलीत बसवलं, काकूंना स्वयंपाकघरात. सरांनी कागद नाकाशी धरून चित्र काढलं. तीन ठिपके, मधला मोठा, डावीकडे वाकलेली शेपटी. मी आत गेले. काकूंच्या कागदावरही तीन ठिपके, मधला मोठा, शेपटी डावीकडे.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पुन्हा पाहिले.

आठवडाभर चौकशी केली. विमान नाही, फुगा नाही, कुठे लग्नाचे फटाके नाहीत. हल्ली वही मीच लिहायचे; सरांनी माझ्याकडून लाल पेन मागून घेतलं आणि टोपण लावून खिशात ठेवलं. हसत होते, डोळे मात्र भरून आले होते.

निघताना दारात मी हळूच विचारलं, "काकू, खरं सांगा. तुम्हाला खरंच दिसलं?"

"अगं, इतकी वर्षं वर बघतेस," काकू म्हणाल्या, "आणि नेमकी तेव्हाच खाली कशाला वाकलीस?"