टाइमआउटला बसलेली पंगत

श्रीरामपूरच्या त्या मैदानावर अंपायरपेक्षा जास्त वचक होता भागिरथीबाईंचा. क्रिकेटमधलं तुम्हाला काय कळतं, असं कुणी विचारलंच तर त्या म्हणत, "मला कशाला कळाया पायजे? खेळनाऱ्याला भूक लागती येवढं कळतंय, बास झालं." त्यांचा नवरा ज्ञानेश्वर तिथे खेळपट्टीवर रोलर ओढायचा. तो गेल्यावर मंडळाने सामन्याच्या दिवशीचं जेवण बाईंकडे दिलं, आणि कडुनिंबाखालची पत्र्याची शेड त्यांची झाली. शेडमध्ये एक चूल, दोन पातेली आणि बाईंचा आवाज, एवढ्यावर मंडळाचा अर्धा कारभार चालायचा.

मंडळ म्हणजे प्रवराकाठ क्रिकेट मंडळ, आणि मंडळ म्हणजेच सेक्रेटरी सहादेवराव. निवृत्त मुख्याध्यापक, कडक इस्त्रीचा सदरा आणि त्याहून कडक नियम. त्यांचे दोन-दोन दिवसांचे सामने इतके संथ चालत, की सीमारेषेवरचा पोरगा डुलकी काढून उठला तरी धावा तेवढ्याच असत. पण दुपारी एकला बाई झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर सळई हाणत, आणि सगळ्या मैदानाला जाग येई. दोन्ही संघ एकाच पंगतीत बसत. रिवाज असा, की फिल्डिंग करणाऱ्या कप्तानाने बॅटिंगवाल्यांना वाढायचं. सकाळी ज्याच्या नावाने खडे फोडले, त्याच्याच पानात वाकून आमटी घालायची म्हटल्यावर राग टिकणार किती? बाईंना खरा खेळ वाटायचा तो हाच.

मग आली नितीनशेठची शुगर बेल्ट सुपर लीग. नितीनशेठचं केबल चॅनेल जिल्हाभर दिसतं. एके काळी तोही मंडळात होता. खेळायला अकरावा आणि पंगतीला पहिला, अशी त्याची ख्याती. आता त्याने बिल्डर, सराफ, टेम्पोवाले असे संघमालक गोळा केले, पोरांना रंगीत कपडे शिवले, नगरपालिकेकडून हेच मैदान भाड्याने घेतलं आणि सगळा खेळ टीव्हीवर दाखवायचं ठरवलं. सहादेवरावांचा पारा चढला. "त्या तमाशात जो नाचेल, त्याला मंडळाचं दार बंद," असं त्यांनी जाहीर केलं. पोरं तरी काय करणार? टीव्हीवर दिसायचं सोडून सीमारेषेवर डुलक्या कोण काढील? सगळीच्या सगळी लीगमध्ये गेली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नितीनशेठ शेडपाशी आला.

"मावशी, आमच्यात जेवनाची सुट्टीच न्हाई. तीन तासात खेळ खल्लास. पोरान्ला हॉटेलातनं डबे येत्यात, टीमचे वेगळे वेगळे. मालकान्ला मिसळामिसळ चालत न्हाई."

"मंग माझी शेड?"

"उद्याचा सामना झाला की काढायची. तितं व्हीआयपींच्या खुर्च्या लावायच्यात. तुमी लई केलं, आता निवांत बसा. उद्या फकस्त क्यामेरावाल्यांचं जेवन बघा."

निवांत बसा म्हणे! शेड गेली म्हणजे पंगत गेली, आणि पंगत गेली तर आपण या मैदानाच्या कोण? मंडळाकडे जावं तर तिथे खेळायला पोरं उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चूल पेटवली. कॅमेरावाले पाच-सहाच होते, पण दोन संघांच्या पंगतीला सरावलेल्या हाताला तो अंदाज येईना. मोठंच पातेलं चढलं. डाळीची आमटी, भात, बाजरीच्या भाकरी आणि ठेचा. बाहेर साडेबाराला सामना सुरू झाला, भोंगे वाजले, चौकारागणिक गाणी लागली. बाई आमटीला फोडणी देत राहिल्या.

आमटी उतरवून त्या बाहेर आल्या तेव्हा घड्याळात एक वाजत होता. बघतात तो खेळ थांबलेला. बॅटवाल्यांनी हेल्मेट काढलेली, पोरं गवतावर बसलेली, अंपायर बाजूला उभे. तो होता जाहिरातींसाठीचा टाइमआउट, दोन-अडीच मिनिटांचा. बाईंना ते कसं ठाऊक असणार? सवयीने हात सळईकडे गेला आणि रूळ घणाघणा वाजला.

पोरंही त्याच रुळाच्या आवाजावर वाढलेली. क्षणभर एकमेकांकडे पाहिलं आणि सगळी निघाली शेडकडे, त्यांच्या मागोमाग अंपायर. हात धुऊन पंगत बसली. फिल्डिंगचा कप्तान हर्षल, नागापूरच्या कारखान्यातला, त्याने न सांगता आमटीची बादली उचलली आणि समोरच्या कप्तानाला, मच्छिंद्रला वाढायला लागला. तिकडे सराफाची जाहिरात संपली, तर टीव्हीवर मोकळं मैदान आणि खेळपट्टीवर बसलेलं एक कुत्रं. दाखवायला दुसरं काहीच नाही म्हटल्यावर कॅमेरावाला पळत आला आणि त्याने पंगतच दाखवायला सुरुवात केली.

नितीनशेठ धापा टाकत पोचला. "मावशी, ह्ये काय केलंत? लाईव्ह चाललंय! आख्खा जिल्हा बगतोय!"

"बगू दे की. चोरून खात्यात का?"

तेवढ्यात सगळ्यांच्या माना वळल्या. फाटकातून सहादेवराव येत होते. घर रस्त्यापलीकडेच, आणि तमाशा बघणार नाही म्हणत टीव्हीसमोर बसलेले ते गृहस्थ पंगत दिसताच उठले होते. कमरेवर हात ठेवून ते एकेका तोंडाकडे बघायला लागले. हर्षलच्या हातातली बादली तशीच राहिली.

भागिरथीबाई पुढे झाल्या. "सायेब, ज्याला काडायचं त्याला जेवल्यावर काडा. पानावरनं उटवायचं न्हाई कुनाला."

मुख्याध्यापकांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी चपला काढल्या आणि पंगतीच्या शेवटी जाऊन बसले. बाईंनी हर्षलच्या हातातली बादली घेतली आणि नितीनशेठच्या हातात दिली.

"आज मैदान तुमचं, पाव्हनं त्ये. वाडा."

जिल्हाभराच्या डोळ्यांसमोर नितीनशेठ सहादेवरावांच्या ताटावर वाकला. आमटी भाताऐवजी ताटाच्या कडेला सांडली. "तुला खाताच यायचं रे, वाढता कधी आलं नाही," सहादेवराव म्हणाले, आणि पंगत खदाखदा हसली. सहादेवरावांनी शांतपणे भात कालवला. दोन घास झाल्यावर, ताटातून नजर न उचलता म्हणाले, "येत्या रविवारी मंडळाचा सामना ठेवतोय. ज्यांना सवड असेल त्यांनी यावं. दार उघडं आहे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या, खरकट्या हातांनीच. भागिरथीबाई मात्र हसल्या नाहीत.

"सामना ठिवा हो. पन म्या चूल कुटं मांडू? शेड तर आज पडनार."

सगळे नितीनशेठकडे बघायला लागले. त्याच्या हातात बादली, समोर कॅमेरा, आणि पंगतीत त्याचे आजचे आणि कालचे सगळे सोबती. त्याने एकदा शेडकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या चूल हाय तितंच," तो म्हणाला. "व्हीआयपी बसतील की पंगतीला."

बाईंना एकदम भरून आलं. इतका आनंद त्यांना बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही, सगळ्यांदेखत पदराने डोळे पुसले. मग भाकरीची दुरडी कमरेवर घेतली आणि नितीनशेठला म्हणाल्या, "ठिव ती बादली आन् बस. सकाळधरनं उपाशी हायेस."