अर्ध्या डोसात मी काय बोलले

सापगावच्या वळणावर स्कूटी घसरली आणि माझ्या पोटरीची वीतभर साल निघाली. त्यानंतर दर चार दिवसांनी शहापूरच्या एका लहानशा दवाखान्यात ड्रेसिंग. जखम साफ करताना सोसवेना, म्हणून भूल द्यायचं ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि मी पडले मराठीची मास्तरीण, दहा प्रश्न विचारल्याशिवाय सुई टोचून घेणार नाही. त्या म्हणाल्या, "हे केटामाइन. डोस पूर्ण असला की माणूस स्वतःपासूनच सुटतो. अगदी कमी असला की नुसतं दुखणं लांब जातं. मधल्या डोसाचं काही सांगता येत नाही."

पहिल्या वेळी पूर्ण डोस मिळाला. काय सांगू! छताच्या चौकटींचे भाताचे वाफे झाले, वाफ्यांत पाणी चढलं आणि त्या पाण्यात मी नव्हतेच. पाय नाही, नाव नाही, नोकरी नाही. एक शब्दसुद्धा नव्हता, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. अख्खी लावणी उरकून परत आल्यासारखं वाटलं, तर घड्याळात वीसच मिनिटं झालेली. मी इतकी हरखले की दुसऱ्या दिवशी सगळं वहीत उतरवून काढलं.

दुसऱ्या वेळी जखम भरत आली होती, म्हणून डोस निम्मा. आता पाय दिसत होता, पण शेजारणीचा असावा तसा. दुखत होतं ते तिला. भिंतीचा हिरवा रंग हलत होता, मला भारी गंमत वाटत होती आणि कुणीतरी अखंड बडबडत होतं. ती मीच होते हे शुद्धीवर आल्यावर कळलं.

माझा पाय धरून बसलेली दवाखान्यातली मावशी हसत होती. "बाय, तू कंच्या पाड्यावरची गो?"

शाळेत मी मुरबाड शहरची म्हणून सांगते. आमचा पाडा टोकावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात आहे आणि तिथे घरात आम्ही वेगळंच बोलतो, हे नोकरीच्या अठरा वर्षांत मी कुणाला कळू दिलेलं नाही. मुलांच्या वहीतल्या 'नाय'वर लाल फुली मारणारी बाई मी. माझं बोलणं पुस्तकासारखं आहे, असं आमच्या मुख्याध्यापिका पाहुण्यांना कौतुकानं सांगतात. आणि त्याच मला घरी न्यायला बाहेर बाकावर बसल्या होत्या.

"काय बोलले मी?"

"आयेला हाका मारीत व्हतीस. मोळी उतर, पाय दुखतं म्हनून. मंग मीच तुझी आय झाले." बाहेर बाकापर्यंत काही ऐकू गेलं नव्हतं म्हणे.

तिसऱ्या वेळी मी अडूनच बसले. पूर्ण डोस द्या. पूर्ण डोसात तोंडच उरत नाही, हे मला आता ठाऊक होतं. डॉक्टरीणबाई हसल्या. जखम बोटाच्या पेराएवढी उरली होती. अगदी थोडंसं देऊ म्हणाल्या. त्यात सोबतीला म्हणून मुख्याध्यापिका या वेळी आतच आल्या आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या.

सुई टोचली. मी दातांखाली जीभ धरून वाट पाहू लागले. छत छतच राहिलं. दुखणं दारापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. माझी जीभ पूर्ण माझ्या ताब्यात होती. ते कळताच मला एवढा आनंद झाला की हसू आवरेना.

मावशी वाकली. "दुखतं काय गो?"

चार दिवसांपूर्वी जी माझी आई झाली होती, तिला 'नाही, अजिबात दुखत नाहीये' असं सांगणं मला जमेना.

"नाय गो आये, नाय दुखत."

मुख्याध्यापिका चमकल्या. डॉक्टरीणबाई त्यांना हळूच म्हणाल्या, "काळजी करू नका, औषध बोलतंय."

"औषिद नाय," मी म्हटलं, "मीच बोलतंय."